मोरीमागची शिंदी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी शास्त्राच्या बाईंचं नाव घेतो. घरच्यांना हे फारसं आवडत नाही, पण खरं तेच आहे. पिंपळवंडीच्या शाळेत आठवी ते दहावी त्यांनी मला शिकवलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण छापलेल्या कागदावर स्वतःचं नाव पाहून त्या नक्की रागावतील.

दहावीचा निकाल लागला तेव्हा माझं पुढचं ठरल्यात जमा होतं. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, द्राक्षाच्या छाटणीत पंचक्रोशीत नावाजलेले होते. एप्रिलची छाटणी असो की ऑक्टोबरची, लोक आधी आबांची तारीख विचारत आणि मग आपली ठरवत. मी त्यांच्या हाताखाली जाणार, असं घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तेव्हा बाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या.

“याला सायन्सला घाला,” त्या म्हणाल्या.

आबा म्हणाले, “बाई, आमच्यात कोण बारावीसुदिक न्हाई झालं. हा काय करणार सायन्स घिऊन?”

“ते मलाही माहीत नाही. पण छाटणी तो तुमच्यापेक्षा वाईटच करणार, एवढं मी आत्ता लिहून देते.”

आबा जोरात हसले. आदल्या हंगामात मी एका बागेत दोन ओळींची वाट लावली होती, ते सगळ्या गावाला माहीत होतं. हसता हसता ते हो म्हणाले आणि मी जुन्नरला कॉलेजात गेलो. प्रवेशाचे अर्ज बाईंनी भरले. वनस्पतिशास्त्राची त्यांची स्वतःची जुनी पुस्तकं, समासात पेन्सिलीने बारीक टिपा असलेली, त्यांनी मला दिली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. पुढे बीएड झालो आणि अवसरी खुर्दच्या बाजूला एका शाळेत शिक्षक म्हणून लागलो. तिथे खोली घेऊन राहायचो आणि दर शनिवारी दुपारी घरी यायचो.

नोकरी लागली त्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. नवरा आधीच गेलेला, मुलगा नागपूरला, म्हणून त्या तिकडे निघाल्या. सामान बांधताना त्यांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या भाड्याच्या खोलीमागे, भिंतीच्या सावलीत, तेलाचे तीन डबे ठेवलेले होते. प्रत्येकात गवतासारखं काहीतरी उगवलं होतं. दोन-तीन लांबट पाती, बस्स.

“शिंदी आहे,” बाई म्हणाल्या. “पण माळावरची उंच शिंदी नाही. बुटकी.”

बाईंचं माहेर आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. त्यांच्या घरामागून एक ओढा वाहायचा. ओढ्यावर जांभळं आणि उंबर, त्यांच्या खाली दाट सावली, आणि त्या सावलीत कमरेएवढ्या शिंद्या. गावात त्यांना नुसतं शिंदीच म्हणत, ‘बुटकी’ हा शब्द बाईंचा. त्यांची पानं कापून बायका केरसुण्या बांधत, गुराखी पोरं काळी पडलेली बारीक फळं खात. मग धरण झालं. गाव उठलं, लोकांना खालच्या अंगाला जमिनी मिळाल्या आणि ओढा पाण्याखाली गेला. पाणी चढायच्या आदल्या उन्हाळ्यात बाई शेवटच्या माहेरी गेल्या आणि पदरात शिंदीची पिकली फळं बांधून घेऊन आल्या. ओंजळभर बियांतून ही तीन रोपं उगवली होती.

“एक मी नागपूरला नेते,” त्या म्हणाल्या. “दोन तुझ्याकडे. दोनांतलं एक तरी जगव. मोठं झालं, फळ धरलं, तर बी आमच्या गावच्या लोकांना देता येईल. एवढंच कर माझ्यासाठी.”

माझ्यासाठी त्यांनी जे केलं होतं त्यापुढे हे किती किरकोळ वाटलं मला! वनस्पतिशास्त्राचा पदवीधर होतो मी. एक झाड जगवणं म्हणजे काय, असं मनात आलं आणि मी हसलोसुद्धा.

जाण्याआधी बाई मुद्दाम आमच्या घरी आल्या आणि परसातली जागा त्यांनी स्वतः पाहिली. आमच्या घराच्या उत्तरेला, मोरीच्या मागे, चार-पाच हात रुंदीची एक पट्टी आहे. एका बाजूला आमची भिंत, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांचा नवा दुमजली बंगला. ऊन तिथे नावालाच पडायचं. माती कायम ओली, भिंतींवर शेवाळ, मोरीच्या पाण्यावर आईचा अळू आणि एक केळ. बाईंनी खाली बसून मातीत बोटं खुपसली, चिमूट नाकाशी नेली.

“इथे,” त्या म्हणाल्या. “ओढ्यासारखंच आहे.”

आणि वहीच्या कागदावर त्यांनी मला सूचना लिहून दिल्या. सावली हवी. माती ओलसर हवी, पण पाणी साचता कामा नये. पालापाचोळा घालावा, खत नको. मुळं पुन्हा पुन्हा हलवू नयेत. आणि सगळ्यांत खाली, दोनदा रेघ मारून: घाई करू नये, वर्षाला दोन पानं आली तरी नशीब समजावं.

ओलसर हवी पण साचता कामा नये. ही एक ओळ किती अवघड आहे ते मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं.

त्या दिवसांत आमच्याकडे टीव्ही नुकताच आला होता आणि टीव्हीवरच्या जाहिरातींबरोबर कपड्यांची पावडर आली होती. मोरीतून पांढरा फेस बाहेर पडायचा. अळूला त्याचं काही नव्हतं, पानं सुपाएवढी झाली. मोरीच्या तोंडाजवळ लावलेलं माझं रोप मात्र पिवळं पडत गेलं. मला वाटलं, पाणी कमी पडत असेल. मी अळूचं पाणी तिकडे वळवलं! श्रावणात एका शनिवारी मधलं कोवळं पान हाताने जरा ओढून पाहिलं, तर ते अलगद निघून हातात आलं. खालचं टोक काळं, आणि कुजल्याचा घाण वास. पाच वर्षं कॉलेजात मुळांची कूज शिकलो होतो. परीक्षेत आकृतीही काढली होती.

दुसरं रोप मी त्याच दिवशी वाचवायला घेतलं. मोरीचं पाणी कौलांच्या तुकड्यांची चारी करून लांब नेलं. विटांचा एक उंचवटा केला, त्यात नदीची वाळू, शेतातली माती आणि जांभळीखालचा कुजलेला पाला घातला. सगळं स्वतः केलं, कुणाला हात लावू दिला नाही. शेजारचे काका गच्चीवरून बघत होते.

“सर, काय चाललंय?”

“शिंदी लावतोय.”

“मोरीत?” ते गच्चीच्या कठड्यावर ओणवले. “अवो सर, शिंदी माळावर येती, दगडात. मोरीत लावत्यात व्हय कुणी? बरं, मडकं कधी अडकवायचं ते सांगा. आमी ग्लास घिऊन येतो.”

हा विनोद मग गावाने कायमचा धरला. चावडीवर, दुधाच्या डेअरीवर, कुठेही गेलो की कुणीतरी विचारायचं, “सर, शिंदी कवा सुटणार राव?” मी पहिली काही वर्षं समजावून सांगायचो, की ही वेगळी जात आहे, हिची दारू होत नाही, हिला सावली लागते. लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि पुढच्या वेळी तेच विचारायचे. शेवटी मी बोलायचंच सोडून दिलं.

आईची तक्रार वेगळी होती. पाणी वळवल्यामुळे तिच्या अळूची पानं बारीक झाली.

“अळूला साबणाचं पाणी चालतं, केळीला चालतं, आन् ह्या तुझ्या शिंदीला तेवढं चालत न्हाई,” ती म्हणायची. “लई नाजूक बाई. कुण्या घरची म्हणायची?”

मी दर शनिवारी पिशवी दारात टाकायचो आणि पाय न धुताच मोरीमागे जायचो. पानं मोजायचो. लग्न झाल्यावरही तेच. त्यावरून आई मला सगळ्यांसमोर बोलायची, “आरं, बायकोला तरी आधी तोंड दाखव.” बायकोला त्या झाडाचा राग यायला आणखी एक कारण होतं. शिंदीच्या पानाच्या देठाला खाली लांब काटे असतात. कपडे वाळत घालताना एक काटा तिच्या पोटरीत शिरला आणि आठवडाभर पाय सुजला. “माणसाच्या घरात झाड लावत्यात का कुंपण?” तिने विचारलं. खरं सांगायचं तर काटा शिरला तेव्हा मी आधी झाडाचं पान मोडलं का ते बघितलं, आणि हे तिने पाहिलं.

नागपूरचं रोप पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. बाईंनी आंतरदेशीय पत्रात एका ओळीत कळवलं, ‘माझं गॅलरीत होरपळलं, आता तुझंच.’ त्यानंतर दर तीन-चार महिन्यांनी त्यांचं पत्र यायचं. माझी शाळा, माझी मुलं, आबांची तब्येत, सगळ्याची चौकशी असायची आणि शेवटी न चुकता, ‘पानं किती?’

पानं किती! चौथ्या वर्षी सहा होती. त्यांतलं एक शेळीने खाल्लं, म्हणजे पाच. आमच्या भागात झाड म्हणजे पीक. टोमॅटो तीन महिन्यांत येतो, कांदा चार महिन्यांत, द्राक्षाची वेल दुसऱ्या वर्षी मांडवावर चढते. इथल्या माणसाला हळू वाढणाऱ्या गोष्टीकडे बघायची सवयच नाही आणि मीही इथलाच. मी वर्गात मुलांना सांगायचो की निसर्गाचा वेग निरनिराळा असतो, आणि शनिवारी घरी येऊन त्या मख्ख झाडासमोर उकिडवा बसून चरफडायचो. सावली जास्त झाली का? शेजाऱ्यांनी वर आणखी पत्रा टाकला होता. माती घट्ट झाली का? एका वर्षी मी चिडून गुपचूप मूठभर युरिया घातला. पानांची टोकं जळाली. ते मी बाईंना कळवलं नाही.

या सगळ्यात आबा गप्प असायचे. संध्याकाळी ते मोरीवर पाय धुवायला आले की क्षणभर तिथे थांबत. कधीतरी विचारत.

“ह्याला काय घालतोस?”

“काही नाही. पाला.”

“मग वाढत का न्हाई?”

“ते असंच असतं आबा.”

“असंच कसं आसंल? झाड हाये ना?”

“तुम्हाला नाही कळणार ते,” मी म्हणायचो. रागाने नाही, सहज. घाईत असताना माणूस दार लोटतो तसं. बाईंनी मला जे मातीत बोटं घालून समजावलं होतं, त्यातलं अक्षरही मी आबांना कधी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याला माझ्याकडे चांगलं कारण नाही.

आठव्या-नवव्या वर्षी झाडाने एकदम अंग धरलं. वीतभर जाड बुंधा जमिनीच्या वर आला, वीसेक पानं झाली, आणि पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच ते दुरून झाडासारखं दिसायला लागलं. मी बाईंना तसं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं ते नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात, कारण त्यांची नजर अधू होत चालली होती. त्यांनी लिहिलं होतं, ‘आता दोन-तीन वर्षांत फुलेल. नर निघतं की मादी ते बघू. मादी निघाली तर फळासाठी नर शोधावा लागेल, पण ते पुढचं पुढे.’ मी त्यावर पुन्हा चरफडलो. म्हणजे एवढं करूनही फळ धरेलच असं नाही! घरात मी मोठ्याने म्हणालो, “हे झाड आहे की शिक्षा? वाढत नाही, फुटत नाही, काही नाही!” आबा जेवत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

तो ऑक्टोबर होता. सहामाही परीक्षेचे पेपर तपासायला घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीला घरी आलो. दारातच मोरचुदाचा, छाटणीच्या कापावर लावतात त्या निळ्या औषधाचा, वास आला. हंगामच तो होता, आबांच्या कपड्यांना तो वास असायचाच, म्हणून काही वाटलं नाही. मी मोरीमागे गेलो.

सगळी पानं कापलेली होती. नुसती पानं नव्हे. बुंधा वरून निम्मा कापला होता, करवतीने, अगदी सफाईदार, पाणी निथळावं म्हणून जरा तिरका. कापावर मोरचूद आणि चुन्याचा निळा लेप. खाली माती भुसभुशीत करून आळं केलेलं. बाजूला पानांची जुडी काथ्याने नीट बांधून भिंतीला टेकवून ठेवलेली, आईच्या केरसुणीसाठी.

आबा मागे येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा खुललेला होता. किती तरी दिवसांनी ते माझ्याशी असे आपण होऊन बोलायला आले होते.

“बघितलंस? लई गर्दी झाली व्हती पानांची. आता पंधरा दिवसांत बघ कसं डोळं फुटत्यात. च्यार-पाच तरी काड्या निघत्याल.”

माझ्या तोंडून एकदम सगळं बाहेर आलं.

“मारलंत तुम्ही ते! मारून टाकलंत!”

“आरं, छाटल्याबिगर फुटवा कसा येईल?”

“द्राक्ष नाही ते! त्याला एकच डोळा असतो आबा, एकच, टोकाला! तोच कापलात तुम्ही!”

“एकच?” आबांनी कापलेल्या बुंध्याकडे बघितलं. “आसं कसं झाड?”

“असंच असतं! नारळाचा शेंडा कापला तर नारळ राहतो का?”

“नारळ कुठं लावलाय आपल्यात?”

ते अगदी खरं विचारत होते, आणि तेच मला सहन झालं नाही. मी म्हणालो, “चार बुकं शिकला असता तर कळलं असतं.”

आई मोरीत भांडी घासत होती, तिचा हात थांबला. आबा म्हणाले, “मला कुठं सांगितलंस तू.” आणि करवत उचलून, पुसत पुसत घरात गेले.

त्या दिवाळीत आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. नंतर आईकडून कळलं, की हंगाम ऐन भरात असताना आबा एका बागायतदाराला दुपारनंतर येतो म्हणून सांगून घरी थांबले होते. मी येण्याआधी काम व्हावं म्हणून. “पोरगं सारखं कुढतंय त्या झाडापायी, म्हणलं बघू आपल्याच्यानं काय व्हतंय का,” असं तिला म्हणाले होते.

एक आशा मी धरून होतो. बाई एकदा म्हणाल्या होत्या की ओढ्याकाठच्या काही शिंद्यांना बुडातून पिलं फुटत. मी वाट पाहायला लागलो. दर शनिवारी जाऊन बुंध्याभोवतीची माती बोटाने उकरून पाहायचो. एकदा पाहिलं तर बुंध्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. ते आबांचं काम होतं. मी नसताना ते दर दोन-तीन दिवसांनी ते भिजवून घालत होते. मी ते काढलं नाही, आणि त्याबद्दल त्यांच्याशी बोललोही नाही. पुढच्या पावसाळ्यात बुंधा मऊ पडला. आत पांढऱ्या, जाडजूड अळ्या निघाल्या.

मधल्या पत्रांत मी पानांचा विषय टाळला होता. आता पुन्हा बाईंचं पत्र आलं, ‘पानं किती?’

मी कागद घेऊन बसलो. दोन दिवस एक ओळही लिहिता आली नाही. मग लिहिलं, ‘बावीस. तब्येत चांगली आहे.’ लिहिताना वाटलं, एवढ्यापुरतंच. बाई आता सत्तरीला टेकलेल्या, नागपूरहून त्या काय बघायला येणार आहेत? पण पुढच्या पत्राला तेवीस लिहावं लागलं, मग चोवीस. एकदा मी नवीन पान कसं उलगडतंय त्याचं वर्णनही केलं, आणि ते इतकं चांगलं जमलं की पाकीट पोस्टात टाकून आल्यावर मला स्वतःची किळस आली. ज्या बाईंनी मला सांगितलं होतं की प्रयोगात आलं नाही तर ‘आलं नाही’ असंच लिहावं, त्यांना मी आकडे बनवून पाठवत होतो. वर्गात मुलांच्या प्रयोगवह्या तपासताना माझ्या हातात लाल पेन असायचं. एखाद्याने आकडे शेजारच्याचे उतरवले की मी खाली शेरा मारायचो. त्या दोन वर्षांत मी तो शेरा मारू शकलो नाही.

मग जे पत्र आलं ते बाईंनी दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलं होतं. त्यांना आता जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांनी त्यांच्या भावाला कळवलं होतं की आपल्या ओढ्यावरची शिंदी माझ्या विद्यार्थ्याकडे जिवंत आहे. त्यांच्या माहेरच्या लोकांनी नव्या गावठाणात देऊळ बांधलं होतं, त्याच्यामागे एक पाझर होता, सावली होती. भाऊ आणि गावातले दोघं-तिघं येत्या महिन्यात पिंपळवंडीला येऊन झाड बघून जाणार होते. ‘त्यांना सगळं नीट दाखव,’ असं लिहिलं होतं. ‘तुझ्यामुळे आमच्या गावातलं एक तरी काही राहिलं.’

मी ते पत्र आबांना वाचून दाखवलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, “आन् तू त्यास्नी काय कळवलंय?” मी सांगितलं. आबांनी कोनाड्यातून कागद आणि पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. मग म्हणाले, “आज लिही. उद्यावर नको टाकू.”

मी जे लिहिलं ते हे:

आदरणीय बाई,

नमस्कार. हे पत्र तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. जे वाचतील त्यांना विनंती, की काही गाळू नये.

माझ्या मागच्या पत्रांमधली पानांची संख्या खोटी आहे. शिंदी दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात गेली. त्यानंतर मी जे जे लिहिलं, ते नवं पान, तो चकाकता हिरवा रंग, ते सगळं मी मनाने रचलं. तुमच्या भावांना आणि गावच्या लोकांना कृपा करून लगेच कळवा. त्यांनी एवढ्या लांब येऊन मोकळी जागा बघावी, हे मला नको आहे. पत्ता दिलात तर मी स्वतः जाऊन त्यांना सांगेन.

झाड माझ्या वडिलांनी छाटलं. द्राक्ष छाटतात तसं, शेंड्यासकट. आबा माझ्याशेजारी बसले आहेत. ते म्हणतात, ‘बाईंना लिही, करवत माझ्या हातात व्हती.’ मी म्हटलं, हे लिहिणार नाही. ते म्हणाले, लिही. म्हणून लिहिलं. पण बाई, त्यांनी मला दहा वेळा विचारलं होतं की हे झाड असं का, आणि दहाही वेळा मी त्यांना काही सांगितलं नाही. तुम्ही मला तीन वर्षं शिकवलंत. मी त्यांना पाच मिनिटं दिली नाहीत. मुलांना शिकवण्याचा पगार घेतो मी.

मेल्यावर त्या बुंध्याचे आम्ही उभे दोन भाग केले. आत काय असतं, कापलेला शेंडा कुठे असायचा, पानं कुठून निघतात, ते तेव्हा आबांना दाखवलं. बरंचसं कुजलं होतं, पण दिसलं. त्यांनी एकच विचारलं, की मग याला वरून कापायचं नसेल तर खालची जुनी पानं तरी काढायची का. मला उत्तर माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

पहिलं रोप मी साबणाच्या पाण्याने घालवलं, हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्याला एकदा युरिया घातला होता, हे माहीत नाही. तेही सांगून टाकतो.

तुम्ही माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी केली नाही. क्षमा मागायला मला लाज वाटते, तरी मागतो.

आता एक विचारायचं आहे. धरणाचं पाणी उन्हाळ्यात बरंच खाली जातं. आबांचं म्हणणं, ओढा असला म्हणजे तो वर डोंगरातून येत असणार, आणि खाली शिंदी होती तर वरच्या अंगाला, पाणी पोचत नाही तिथे, एखादी तरी असेल. मला खात्री नाही. वर असती तर तुम्ही कधीतरी सांगितलं असतं, असं मला वाटतं. ते म्हणतात, तू बघितलंयस का? मी बघितलेलं नाही. तर एप्रिलची छाटणी उरकली की आम्ही दोघं जाणार आहोत. मिळाली नाही तर मिळाली नाही असंच कळवीन.

तुमच्या घरामागून ओढ्याने वर चढताना डावीकडची बाजू सावलीची होती की उजवीकडची, आणि जांभळं कुठवर होती, एवढं आठवेल तसं लिहवून पाठवा.

तुमचा विद्यार्थी